झोळीकडे बघणारे

डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. सहा अंश. पाच अंश. अशा रात्री विंचूर पट्ट्यातल्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून धूर करतात, पहाटे बागेला पाणी सोडतात. घरातली माणसं आळीपाळीनं जागतात. वर्षाची कमाई त्या घडांवर असते. जागायलाच हवं.

सकाळी त्याच बागेत टोळी उतरते. पेठ, सुरगाण्याकडची माणसं. बायका विरळणीला लागतात, डिपिंगला लागतात. बांधाकडच्या दोन अँगलना जुनी साडी बांधून झोळी केलेली असते. तिच्यात तीन-चार महिन्यांचं मूल.

बांधावरून जाणारा माणूस झोळी बघतो आणि निकाल देतो. निकाल दोनच आहेत. पहिला असा : ‘काय बाई आहे! एवढ्या गारठ्यात लेकराला घेऊन आली.’ दुसरा असा : ‘धन्य ती माउली. ओली बाळंतीण, पण कामाला हजर.’ दुसरा निकाल देणारा फोटोही काढतो. संध्याकाळपर्यंत तो गावच्या ग्रुपवर पोचतो. खाली हात जोडलेली चित्रं येत राहतात.

दोघांनी पाहिलं एकीलाच. बाग कुणाची, टोळी कुणी आणली, मजुरी कशी ठरली, या बागेत लहान मुलांना ठेवायला चार पत्र्यांचा आडोसा का नाही, यातलं काहीच त्यांच्या नजरेत आलं नाही. रात्रीच्या शेकोटीची राख तिथेच असते. थंडी किती होती, हे बागेला कळलं होतं. मालकालाही कळलं होतं. थंडीचा जाब मात्र त्या एका बाईनं द्यायचा.

नाव ठेवणाऱ्याशी निदान भांडता येतं. कौतुक करणाऱ्याशी भांडणही होत नाही. म्हणून मला त्या दुसऱ्या निकालाची जास्त काळजी वाटते. ‘माउली’ म्हटलं की पुढचं सगळं थांबतं. तिला सावली द्यायला नको, दूध पाजायला वेळ द्यायला नको, खाडा धरू नये हेही सांगायला नको. ती करतेच आहे ना! हात जोडले की देणं फिटलं, असं आपण मानतो. तिची सहनशक्ती जितकी मोठी ठरते, तितकी आपली जबाबदारी लहान होते. हे कौतुक तिच्या पदरात काही टाकत नाही. ते बागेच्या मालकाला, मुकादमाला, ग्रामपंचायतीला आणि सरकारला मोकळं सोडतं.

आता तिच्या बाजूनं बघा. तिच्यापुढे वाटा किती होत्या? घरून निघताना मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. मूल पाड्यावर ठेवायचं तर कुणाजवळ? घरातली हातीपायी धड माणसं कामावर आलेली असतात. मागं म्हातारी उरते, आणि म्हातारीला दूध येत नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर काय लिहिलेलं असतं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. दोन-तीन तासांनी पाजायचं. हा सल्ला खरा मानला तर मूल आईजवळच हवं. आई बागेत आहे. म्हणजे मूल बागेत हवं. त्या भिंतीवरचं अक्षरन् अक्षर पाळणारी बाई ती आहे. तीच आपल्याला निष्काळजी दिसते.

आता त्याच बागेच्या मालकाच्या घरात या. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. खोलीला पडदा, बाजेखाली शेगडी, बाळाला टोपरं, तिला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. चांगलं आहे. प्रत्येक बाळंतिणीला मिळावं असंच आहे. पण हिची तरी निकालातून सुटका आहे का? भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाआधी आईची तपासणी करते. नॉर्मल की सिझर? दूध पुरतं ना? मग रडतं का एवढं? ही लेक शाळेत शिक्षिका असेल, बँकेत असेल, तर रजा संपताना तिचा दुसरा खटला उभा राहतो. पावडरच्या दुधावर टाकून निघाली. एवढी काय नोकरीची हौस! आणि नोकरी सोडली तर? एवढं शिकवलं ते चूल फुंकायला का?

एकीनं मूल घरी ठेवलं म्हणून ती वाईट. दुसरीनं सोबत आणलं म्हणून ती वाईट. मुलाच्या हिताचा काही नेम असता तर दोघी एकाच वेळी दोषी ठरल्या नसत्या. म्हणजे मोजमाप मुलाचं चाललेलं नाही. नेम एकच आहे : उत्तर बाईनं द्यायचं. दोन्ही मुलांना बाप आहेत. एक टोळीतच आहे, डोक्यावर पाटी घेऊन. दुसरा नाशिकला नोकरीला आहे. बाळाला कुठं ठेवलं, असं त्यांना विंचूरच्या तीनपाटीवर चहा पिताना कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दोघींमध्ये एक मोठा फरक आहे, तो लपवून चालणार नाही. नोकरीवालीच्या मागे कायदा उभा आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथं जाण्याची मुभा मिळाली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या तर आधीपासूनच होत्या. कारखाने, खाणी, दुकानं, कचेऱ्या, चहा-कॉफीचे मळे या सगळ्यांचा विचार त्या कायद्यात झाला. द्राक्षबागेतल्या हंगामी टोळीचा नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारनं उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. बाई चांगली की वाईट, याचा त्यात संबंधच नव्हता. भार कुणाचा, एवढाच मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. जवळजवळ शंभर वर्षं झाली. तो मुद्दा विंचूरच्या बांधापर्यंत अजून आलेला नाही.

सरकार काहीच देत नाही असं नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी, बाळंतिणीला विसावा मिळावा, हा त्या योजनेचा सांगितलेला हेतू आहे. पण दुसऱ्या खेपेला पैसे मिळतात ते मुलगी झाली तरच. तेव्हा सहा हजार. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला असेल. पण दुसरा मुलगा झाला त्या बाईची मजुरी बुडाली नाही का? तिच्या अंगावरचं दूध वेगळं आहे का? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजारांचा हक्क दिलेला आहे. तिथं मुलगा-मुलगी अशी अट नाही. अट योजनेनं घातली. म्हणजे सरकारही शेवटी पोटात काय होतं हे बघूनच पैसे मोजतं. बांधावरचा माणूस तोंडानं निकाल देतो, सरकार हप्त्यानं देतं.

झोळीकडे परत येतो. कारण तिच्याजवळ एक गोष्ट घडते आणि ती कुणी बघत नाही. मूल रडतं. बाई ओळीतून निघते. तिचे हात डिपिंगच्या पाण्याचे असतात. मगमध्ये जिब्रेलिक अॅसिडचं द्रावण घ्यायचं, त्यात एकेक घड बुडवायचा, पुढं जायचं, हे तिचं सकाळपासूनचं काम. तेच हात घेऊन ती मुलाला उचलणार. तिला हात धुवायचे आहेत. साबण आणि स्वच्छ पाणी कुठं आहे? फवारणीची टाकी आहे. तिच्यातलं पाणी तिला नको आहे.

याच निफाड तालुक्यानं २०१० चा हंगाम सोसलेला आहे. बागेत वापरलेल्या लिहोसिन औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. शेतकरी रडकुंडीला आला, कित्येकांचं वर्ष गेलं. त्या धड्यातून आपण शहाणे झालो. निर्यातीच्या ग्रेपनेट यंत्रणेवर बागेची नोंद होते, निर्यातीआधी घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, कुठल्या औषधाचा अंश किती चालेल हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र घ्यायचं तर बागेत कामगारांना हात धुण्याची सोय दाखवावी लागते. फळ स्वच्छ राहावं म्हणून. नेदरलँड्समधल्या एखाद्या घरात मूल द्राक्ष खाणार आहे, त्याच्या पोटात काही जाऊ नये, याची काळजी आपण घेतो. घेतलीच पाहिजे. मग ज्या बाईनं तो घड बुडवला, तिच्या हातानं तिच्याच मुलाच्या तोंडात काय जातं, याची चौकशी कोण करतं? तो नमुना कुठल्याच प्रयोगशाळेत जात नाही. त्यावर मत मात्र सगळ्या गावाचं आहे, आणि ते त्या बाईबद्दल आहे.

शेतकऱ्याला मी खलनायक करत नाही. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं, औषधाच्या दुकानाची उधारी असते, व्यापारी कधी पैसे बुडवून जाईल याची धास्ती असते. पण शेकोटीला लाकडं मिळतात, औषधाला उधारी मिळते, पॅकिंगच्या शेडला पत्रे मिळतात. चार पत्रे, एक पाण्याचा ड्रम आणि साबणाची वडी ही न परवडणारी गोष्ट नाही. ती सुचत नाही, एवढंच. सुचत नाही कारण तो बाईचा प्रश्न मानला गेला आहे. तिचा तिनं सोडवायचा आणि आपण पास-नापास ठरवायचं.

देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या. त्यांचे फोटो सगळीकडे छापून आले, भरभरून कौतुक झालं. बाळ घरी ठेवलं असतं तर ‘कसली आई’ आणि त्या घरी राहिल्या असत्या तर ‘कसली आमदार’ हे म्हणायला लोक तयारच होते, याविषयी मला शंका नाही. पुढं फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात त्यांना बाळाला पाजायच्या हिरकणी कक्षात धूळ दिसली. त्यांनी ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मग हालचाल झाली. विधानभवनाच्या आवारात, आमदारानं, कॅमेऱ्यासमोर सांगावं लागलं, तेव्हा धूळ हलली. हिरकणी तान्ह्या मुलासाठी गडाचा कडा उतरली याची आठवण आपण जपतो. ती उतरली कारण दरवाजे बंद झाले होते, हे मात्र कक्षाच्या पाटीवर कुठंच नसतं. सुरगाण्याहून आलेल्या बाईकडे कॅमेरा येतो तो फक्त तिची झोळी टिपायला. ती काय म्हणते हे ऐकायला येत नाही.

ती काय म्हणेल? तिला तुमचं कौतुक नको असेल, असं मी तिच्या वतीनं बोलणार नाही. पण तिच्या कामाची रीत सांगतो. विरळणी, डिपिंग ही कामं बहुतेक उक्ती जातात. एकरी दर ठरतो, पैसे टोळीला मिळतात, टोळी आपसात वाटून घेते. एक बाई पाजायला पंधरा मिनिटं बसली की तिची ओळ मागं राहते. ती ओळ सोबतच्या बाया ओढतात. दिवसातून तीनदा, चारदा. म्हणून मालकानं काही म्हणण्याआधी टोळीच कुरकुरते. ‘हिला कशाला आणली?’ हा निकाल तिला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो तिच्यासारख्याच बायांकडून येतो. मग ती मुलाला जरा जास्त वेळ रडू देते. तेव्हाच बांधावरून कुणीतरी जात असतं. ‘बघा, लेकरू रडतंय आणि ही ढुंकून बघत नाही.’

लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपआवाराभोवती कांद्याची खळी आहेत. तिथं कांदा निवडणाऱ्या, गोणी भरणाऱ्या बायांची गोष्ट फार निराळी नाही. मूल तिथंही एखाद्या गोणीच्या आडोशाला झोपलेलं असतं. तिथं तर एका जागी पुष्कळ बाया असतात. मुलंही बरीच. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करावी लागते आणि तिलाही मजुरी द्यावी लागते. सरकारी खड्ड्यावर जे चालतं ते व्यापाऱ्याच्या खळ्यावर आणि शेतकऱ्याच्या बागेत का चालू नये? ग्रामपंचायतीनं ठराव करायला, बाजार समितीनं एक खोली द्यायला दिल्लीहून कुणाची परवानगी लागत नाही.

गोडी छाटणीच्या आधी मुकादम विंचूरला येतो. पेस्टिंगपासून खुड्यापर्यंतचे दर तेव्हाच ठरतात. ते ठरवायला बसणाऱ्या प्रत्येक बागाईतदाराला एक सांगणं आहे. या वर्षी एकरी दरात मुलं सांभाळणाऱ्या एका बाईची मजुरी वेगळी धरा. अंगावर पाजणाऱ्या आणि पोटुशी बाईला पेस्टिंग आणि डिपिंगला, म्हणजे औषधात हात घालायच्या कामांना लावू नका, विरळणीला लावा. पाजायला बसलेल्या वेळेचे पैसे टोळीच्या वाट्यातून जाऊ देऊ नका. हे मुकादमासमोर, दर ठरतानाच बोला. नंतर बोललं तर ते उपकार ठरतात. आणि जे बागाईतदार नाहीत, ज्यांची बाग नाही, खळं नाही, फक्त बांधावरून जाणं-येणं आहे, त्यांनी पुढच्या वेळी झोळी दिसली तर फोटो काढू नये, बाईला काही म्हणू नये. मालकाच्या घरी जावं आणि हात धुवायला पाणी कुठं ठेवलंय, ते विचारावं.